लुलाखची आई

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी माझी पुतणी वहीत उतरवून घेतलेला नाट्यप्रवेश घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील दोन प्रवेश मराठीतून होणार आहेत आणि लेडी मॅकबेथचे काम तिच्याकडे आले आहे. पाऊस नुकताच उघडला होता, अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ढग टेकलेले होते आणि ती मला पाठांतर म्हणून दाखवत होती. राजाचा खून करायला कचरणाऱ्या नवऱ्याला जिथे ती राणी बजावते की मीही बाळाला अंगावर पाजले आहे, ती माया काय असते हे मला ठाऊक आहे, त्या वाक्यापाशी ती थांबली.

“काका, हिनं बाळाला पाजलंय म्हणते, मग हिचं बाळ कुठंय हो? अख्ख्या नाटकात ते कुठंच येत नाही.”

मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात फार थोड्या वेळा ऐकला. या प्रश्नाचे उत्तर नाटकात नाही, इतिहासात मात्र आहे. बाळ होते. त्याचे नाव लुलाख. ते मॅकबेथचे नव्हते, आणि ज्याचे होते तो माणूस आपल्या पन्नास माणसांसह जिवंत जाळला गेला होता. त्या संध्याकाळी तिला जे सांगितले, तेच थोडे सावकाशीने आणि सविस्तर येथे लिहीत आहे, कारण खऱ्या मॅकबेथची हकीकत मराठीत वाचायला मिळावी असे मला मनापासून वाटते.

त्या काळाची माहिती ज्या कागदांतून मिळते त्यांची जात मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. आयर्लंडमधील मठांत भिक्षू दरवर्षीच्या ठळक घटना एकेका ओळीत टिपून ठेवत. अमुक साली अमका राजा पडला, अमुक साली अमका मठाधिपती वारला, एवढेच. आपल्या जेधे शकावलीचा बाज अगदी असाच आहे: तिथी, घटना, आणि पुढची तिथी. अल्स्टरची आणि टिगर्नाखची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा दोन आयरिश शकावल्यांत मॅकबेथच्या घराण्याच्या नोंदी आहेत. यांच्या जोडीला मरियानुस स्कोटुस नावाचा आयरिश भिक्षू आहे, जो पुढे जर्मनीतील माइंत्स शहरात राहिला आणि जगाचा इतिवृत्तांत लिहीत बसला. त्याचा जन्म १०२८ सालचा, म्हणजे मॅकबेथ राज्य करत होता तेव्हा हा माणूस ऐन तारुण्यात होता. शकावली कोरडी असते, पण तिला कोणाला खूश करायचे नसते, म्हणून मी तिच्यावर बखरीपेक्षा अधिक भरवसा ठेवतो.

मॅकबेथचे खरे नाव मॅक बेथाद, अर्थ ‘जीवनाचा पुत्र’, म्हणजे धर्मशील मनुष्य. त्याचा जन्म १००५च्या सुमाराचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला मरी नावाचा प्रांत आहे आणि तेथे त्याचा बाप फिंडलेख हा ‘मोरमेर’ होता. मोरमेर म्हणजे काय हे सांगायला मला जावळीचे चंद्रराव आठवतात. वरच्या सत्तेचे नाव घ्यायचे, पण आपल्या मुलखात आपणच धनी, आणि पदवी घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेली, असा तो मामला होता. मरीचे मोरमेर इतके प्रबळ होते की अल्स्टरच्या शकावलीने फिंडलेखच्या मृत्यूची नोंद करताना त्याला सरळ राजा म्हटले आहे. तो मृत्यू १०२० सालचा, आणि त्याला मारले त्याच्या सख्ख्या भावाच्या मुलांनी. मॅकबेथ तेव्हा पंधरा वर्षांचा असेल. बाप मारणाऱ्या चुलतभावांपैकी एक १०२९ साली वारला आणि दुसरा, गिल्ले कोमगान, मरीचा धनी झाला. १०३२ साली हा गिल्ले कोमगान पन्नास माणसांसह जाळला गेला, अशी शकावलीत एका ओळीची नोंद आहे. कोणी जाळले ते त्या ओळीत लिहिलेले नाही, पण त्यानंतर मरी मॅकबेथच्या हाती दिसते आणि गिल्ले कोमगानची विधवा ग्रूओख त्याची पत्नी झालेली दिसते.

लुलाख हा या ग्रूओखचा पहिल्या लग्नाचा मुलगा.

या सगळ्याला मराठीत एक तयार शब्द आहे, तो म्हणजे भाऊबंदकी. स्कॉटलंडात तेव्हा बापामागून मुलगा गादीवर बसेल असा नियमच नव्हता. राजघराण्याच्या शाखांपैकी ज्या शाखेत वयात आलेला, लढाई चालवू शकणारा, लोकांनी मानलेला पुरुष असेल त्याच्याकडे राज्य जाई, आणि सहसा ते एका शाखेकडून दुसरीकडे फिरत असे. ही रीत मोडायचे मनावर घेतले ते दुसऱ्या माल्कमने. १००५ ते १०३४ असे दीर्घ राज्य केलेल्या या राजाला मागे मुलगा नव्हता. मुलीचा मुलगा डंकन याला गादी मिळावी म्हणून त्याने दुसऱ्या शाखेतील वारस दूर करायला आरंभ केला. १०३३ साली त्याने बोइते नावाच्या राजवंशीय पुरुषाच्या नातवाला मारल्याची नोंद आहे. ग्रूओख ही याच बोइतेची मुलगी. नवरा आगीत गेला, पाठोपाठ माहेरचे पोर कापले गेले, आणि पदरात लहान मुलगा, ज्याच्या अंगात मरीचे आणि राजघराण्याचे असे दोन्हीकडचे रक्त आहे, म्हणजेच ज्याच्या जिवावर पुढेमागे कोणीही उठू शकेल. नाटकात ज्या बाईला महत्त्वाकांक्षेने पछाडलेले दाखवले आहे, तिची खरी परिस्थिती ही होती.

नाटकातला डंकन पिकल्या केसांचा, देवमाणूस राजा आहे. तो विश्वासाने मॅकबेथच्या वाड्यात पाहुणा म्हणून उतरतो आणि झोपेत मारला जातो. खरा डंकन तरुण होता, १०३४ ते १०४० अशी सहाच वर्षे त्याने राज्य केले आणि त्यात नाव घेण्यासारखा विजय एकही नाही. त्याने दक्षिणेत इंग्रजांच्या डरहॅम शहराला वेढा घातला, तेथे त्याचा सपशेल मोड झाला, आणि पडलेल्या स्कॉट सैनिकांची मुंडकी शहराच्या बाजारात खांबांवर लावण्यात आली. त्यानंतर तो फौज घेऊन उत्तरेत उतरला, तो थेट मॅकबेथच्या मुलखात. १४ ऑगस्ट १०४० रोजी मरीमधील एल्गिन गावाजवळ तो मारला गेला. मरियानुसने लिहिले आहे की त्याला त्याचा सेनानी मॅकबेथ याने मारले. वाडा नाही, पाहुणचार नाही, रात्र नाही, खंजीर नाही. दुसऱ्याच्या प्रांतात सैन्यासह शिरलेला राजा त्या प्रांताच्या धन्याच्या हातून पडला, आणि ज्याच्या हातून पडला त्याचाही गादीवर हक्क होता.

साताऱ्यात बसून हे वाचताना मला १७०७ची खेडची लढाई आठवल्यावाचून राहत नाही. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ताराराणींनी त्यांचा हक्क मानला नाही, दोन्ही पक्षांच्या फौजा खेडला भिडल्या आणि पुढच्या जानेवारीत शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्या लढाईत कोणाची बाजू न्यायाची होती यावर साताऱ्यात आणि कोल्हापुरात आजही दोन मते निघतील, पण एका घराण्यातील दोन हक्कदारांमधल्या त्या झगड्याला कोणी गुन्हा म्हणणार नाही. एल्गिनची लढाई याच जातीची होती.

नाटकात डंकनच्या खुनापासून मॅकबेथच्या शेवटापर्यंतचा काळ पाहणाऱ्याला काही आठवड्यांचा वाटतो. प्रत्यक्षात मधे सतरा वर्षे गेली. त्या शतकातल्या स्कॉटलंडात राजाने सतरा वर्षे टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हती. डंकनच्या बाजूने एकदा मोठा उठाव झाला; डंकनचा बाप क्रीनान, जो डंकेल्डचा मठाधिपती होता, तो १०४५ साली लढाईत पडला आणि त्याच्याबरोबर नऊ विसा, म्हणजे १८० योद्धे पडले असे शकावली सांगते. विसांनी मोजण्याची ती रीत पाहून मला आमच्या आजीची कवड्या मोजण्याची पद्धत आठवली. या उठावानंतर राज्यात इतकी शांतता होती की १०५० साली मॅकबेथ गादी सोडून रोमच्या यात्रेला गेला. मरियानुसची ही ओळ माझी सर्वांत आवडती आहे. तो लिहितो की स्कॉटलंडच्या राजाने रोममध्ये गोरगरिबांना चांदी वाटली, आणि त्या वाटण्याला त्याने क्रियापद वापरले आहे ते पेरण्याचे. मूठ भरून बी फेकावे तशी चांदी. ज्याला रात्री झोप येत नाही, जो भिंतीवर भुते पाहतो आणि स्वतःच्या सावलीलाही मारेकरी समजतो, असा राजा आपले राज्य महिनोन्‌महिने दुसऱ्यांवर सोपवून हजारो कोसांच्या यात्रेला निघत नाही.

दुसरी नोंद दानपत्राची आहे. लोख लेव्हन नावाच्या सरोवरातील बेटावर तपस्व्यांचा एक मठ होता आणि त्या मठाला राजाने व राणीने जमीन दिली. त्या दानाच्या नोंदीत फिंडलेखचा मुलगा मॅकबेथ आणि बोइतेची मुलगी ग्रूओख अशी दोघांची नावे बापांच्या नावांसह, स्कॉट लोकांचे राजा आणि राणी म्हणून शेजारी शेजारी आली आहेत. ताम्रपट आणि इनामपत्रे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला अशा नोंदीचे मोल सांगावे लागत नाही. राणीचे नाव बापाच्या नावासह येते तेव्हा तिचा स्वतःचा हक्क तेथे बोलत असतो. शेक्सपिअरने तिला नावसुद्धा दिलेले नाही. नवऱ्याच्या नावापुढे ‘लेडी’ लावले की झाले. लेडी मॅकबेथ म्हटले की आपल्याकडे लगेच आनंदीबाई आठवतात आणि ‘ध’चा ‘मा’ आठवतो. माझ्या वर्गातही ती तुलना मुले हमखास करत, आणि मी प्रत्येक वेळी त्यांना विचारत असे की ती गोष्ट कोणी, केव्हा लिहिली ते आधी शोधून आणा. एखाद्या घराण्यातील रक्तपाताचा दोष शेवटी घरातल्या बाईच्या पदरात टाकला की बाकीच्यांची सुटका होते, हे शनिवारवाड्याच्या बाबतीत घडले तसे स्कॉटलंडातही घडले.

त्याच्या हयातीनंतर लगेचच्या काळात, आणि तेही त्याला मारणाऱ्या राजाच्या कारकिर्दीत, रचल्या गेलेल्या एका गेलिक राजावलीकाव्यात मॅकबेथला ‘कीर्तिमान’ म्हटले आहे. दुसऱ्या एका जुन्या भविष्यकाव्यात तो उंच, लालबुंद वर्णाचा आणि सोनेरी केसांचा, दानशूर राजा आहे, आणि त्याच्या राज्यात पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत देश भरभराटीला आलेला आहे. शत्रूच्या राजवटीत हे शब्द टिकले, यातच सगळे आले.

आता शेवटाकडे येतो. डंकनचा मुलगा माल्कम इंग्लंडच्या आश्रयाला होता. १०५४ साली नॉर्दम्ब्रियाचा सरदार सिवर्ड मोठी फौज घेऊन उत्तरेत आला आणि २७ जुलैला तुंबळ लढाई झाली. शकावलीने स्कॉटांचे तीन हजार आणि इंग्रजांचे दीड हजार माणूस पडल्याचे लिहिले आहे. सिवर्डचा स्वतःचा मुलगाही पडला. नाटकात मॅकबेथ याच लढाईत मरतो, आणि त्याआधी फांद्या आडोशाला धरून येणाऱ्या सैनिकांमुळे बर्नमचे अरण्य चालत येते. तो प्रसंग मी अंगाने ओळखतो. १९७९ साली आमच्या महाविद्यालयात हे नाटक आमच्या इंग्रजीच्या सरांनी स्वतः भाषांतर करून बसवले होते आणि मी फांदी घेऊन चालणाऱ्या आठ सैनिकांपैकी एक होतो. सज्जनगडाच्या रस्त्यावरून आम्ही सकाळी निलगिरीच्या फांद्या तोडून आणल्या. संध्याकाळपर्यंत त्या सुकल्या आणि रंगमंचावर पाऊल टाकले की पाने गळायची. सगळ्या सभागृहात निलगिरीचा वास भरून राहिला होता. पुढे कित्येक वर्षे मॅकबेथ म्हटले की मला तो वासच आधी येई. ते चालते अरण्य १४२०च्या सुमाराला एका स्कॉट कवीने आपल्या पद्य इतिहासात प्रथम लिहिले, म्हणजे लढाईनंतर साडेतीनशे वर्षांनी. खऱ्या लढाईत मॅकबेथ हरला पण वाचला, उत्तरेत परतला आणि आणखी तीन वर्षे राजा राहिला. १५ ऑगस्ट १०५७ रोजी अबर्डीनच्या बाजूला लम्फनान या ठिकाणी माल्कमच्या लोकांनी त्याला गाठून मारले.

मग हा कीर्तिमान राजा राक्षस कसा झाला? याचे उत्तर सातारकरांनी तरी दुसरीकडे शोधायला नको. मल्हार रामराव चिटणीस यांनी येथेच, साताऱ्यात, १८१०च्या सुमारास बखर लिहिली. तिच्यात संभाजी महाराजांचे जे चित्र आहे त्याने पुढच्या दीडशे वर्षांच्या नाटकांना, कादंबऱ्यांना आणि शाळेच्या पुस्तकांना व्यसनी, उतावळा, बेजबाबदार राजा पुरवला. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ साली संभाजी महाराजांनी हत्तीच्या पायी दिले होते. ते दुःख खरे होते आणि त्या घराण्याने पुढे खंडो बल्लाळांच्या रूपाने स्वराज्याची सेवाही जिवावर उदार होऊन केली, हे विसरून चालणार नाही. पण राजाचे चरित्र लिहायला तो हात योग्य नव्हता. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षे अस्सल कागद धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते चित्र पालटू लागले.

मॅकबेथच्या बाबतीत बखरी एकीवर एक चढल्या. चौदाव्या शतकात जॉन ऑफ फोर्डन याने त्याला गादी बळकावणारा ठरवले. पाठोपाठ त्या पद्य इतिहासात स्वप्नात दिसणाऱ्या तीन बायका आल्या, ज्या नाटकात चेटकिणी झाल्या. १५२७ साली हेक्टर बोइस याने लॅटिनमध्ये स्कॉटलंडचा इतिहास लिहिला आणि त्यात बँको नावाचा एक सरदार चक्क नव्याने घातला, ज्याच्यापासून तेव्हा राज्य करणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचा वंश निघाल्याचे दाखवले. स्टुअर्टांचे खरे पूर्वज फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून आलेले कारभारी होते. बोइसवरून होलिनशेडने आपला इंग्रजी इतिहास रचला आणि त्याच्या १५८७च्या आवृत्तीवरून शेक्सपिअरने १६०६च्या सुमारास नाटक लिहिले. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर तीनच वर्षांपूर्वी आलेला राजा होता स्टुअर्ट घराण्यातला जेम्स. होलिनशेडमध्ये बँको हा डंकनच्या हत्येत सामील आहे. राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवणे शक्य नसल्याने नाटकात तो निर्मळ झाला. पाहुण्या राजाला झोपेत मारण्याचा प्रसंग होलिनशेडमध्ये डफ नावाच्या वेगळ्याच राजाचा आहे, तो उचलून डंकनला लावला. होलिनशेडनेही मान्य केलेली मॅकबेथची दहा वर्षांची न्यायी राजवट मात्र नाटकातून पूर्णपणे गळली. नाटक म्हणून त्याची थोरवी मी नाकारत नाही. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने ते मराठीत आणावे एवढे ते मोठे आहेच. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या माणसाचे नाव त्याने घेतले, त्या माणसाची ही बदनामी आहे.

पुतणी हे सगळे ऐकून घेत होती, पण तिचे लक्ष पहिल्याच प्रश्नावर होते. “मग त्या लुलाखचं पुढं काय झालं?”

मॅकबेथ पडला त्या दिवशी माल्कम राजा झाला नाही. मॅकबेथच्या पक्षाने लुलाखला स्कोनला, म्हणजे स्कॉट राजांच्या राज्याभिषेकाच्या जागी, नेऊन गादीवर बसवले. चुलतभावाचा, म्हणजे बापाच्या मारेकऱ्याचा मुलगा मॅकबेथच्या राज्यात जिवंत राहिला, वाढला आणि त्याच्यामागून राजा झाला, ही गोष्ट मला त्या रोमच्या चांदीहूनही मोठी वाटते. लुलाखला सातच महिने मिळाले. १७ मार्च १०५८ रोजी एसी या ठिकाणी माल्कमने त्याला मारले, आणि टिगर्नाखच्या शकावलीत तेथे ‘कपटाने’ असा शब्द आहे. पुढच्या काळातील राजांच्या याद्यांनी त्याच्या नावापुढे ‘बावळट’ असे बिरुद लावून ठेवले. त्याच याद्या सांगतात की सावत्र बाप आणि मुलगा या दोघांनाही आयोना बेटावर, जुन्या राजांच्या रांगेत पुरले. मरीने मात्र त्याचा वंश सोडला नाही: ११३० साली लुलाखच्या मुलीचा मुलगा आंगस मरीची फौज घेऊन उठला आणि पडला, तेव्हाही अल्स्टरच्या शकावलीने त्याला मरीचा राजाच म्हटले.

दिवे लागायची वेळ झाली होती. तिने वही पुन्हा उघडली.

“डंकन मेला तेव्हा लुलाख केवढा होता?”

“बाप जाळला त्याला आठ वर्षं झालेली. म्हणजे आठ-नऊ वर्षांचा तरी असेल.”

“म्हणजे हे वाक्य ती बोलते तेव्हा तो आत झोपलेला असणार,” ती म्हणाली, आणि तिने तो प्रवेश पहिल्यापासून पुन्हा म्हणायला घेतला, आवाज पुष्कळ खाली आणून.